थर लावावेत की धागे जोडावेत?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्लीचा कोणताही मोठा चित्रपट संपला, की पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकू लागते. आपण तोवर चपला शोधत असतो. त्या यादीत ‘कंपोझिटर’ या शब्दाखाली बरीच नावे असतात, आणि अलीकडे परदेशी चित्रपटांतही त्यांत आपल्या ओळखीची आडनावे दिसू लागली आहेत. ही मंडळी करतात काय? वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली चित्रे ती अशी एकत्र आणतात, की हे सगळे एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपले असे पाहणाऱ्याला वाटावे. नट गोरेगावच्या स्टुडिओत, डोंगर लडाखचा, ढग तिसरीकडचे आणि त्यातून उडणारा पक्षी संगणकावर घडवलेला. हे सगळे जोडण्याच्या कामाला कंपोझिटिंग म्हणतात.

या कामासाठी जी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत चित्रे थरावर थर अशी रचतात, त्यांना ‘लेयर’ पद्धतीची म्हणायचे. दुसऱ्या जातीत प्रत्येक क्रिया ही एक छोटी चौकोनी पेटी असते आणि त्या पेट्या धाग्यांनी एकमेकींना जोडायच्या असतात. या पेटीला ‘नोड’ म्हणतात. पहिल्या जातीतले सर्वांना माहीत असलेले नाव आफ्टर इफेक्ट्स, दुसऱ्या जातीतली न्यूक आणि फ्यूजन. यांतले कोणते निवडावे, हा आजचा विषय.

विषय तांत्रिक वाटेल, पण तो घराघरांत पोचला आहे. बारावी झालेली मुले-मुली ‘व्हीएफएक्स’चा अभ्यासक्रम करायचा म्हणतात. फीचा आकडा ऐकून वडील एकदम गप्प होतात. कुणी ठेव मोडतो, कुणी कर्ज काढतो. मग वर्षभराने कळते, की मुलाला जे शिकवले ते त्याला हव्या असलेल्या कामासाठी लागतच नाही. एका गृहस्थांनी मला विचारले होते, ‘अहो, दोन्हीकडे चित्रच तयार होते ना? मग एवढा फरक काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देताना मी सॉफ्टवेअरच्या गुणांची यादी वाचणार नाही. आपण एक दृश्य घेऊ आणि ते दोन्ही पद्धतींनी जोडून पाहू.

दृश्य असे. पावसाळी संध्याकाळ आहे. अलिबागचा किनारा, मागे समुद्रात कुलाबा किल्ला. ओल्या वाळूवर एक मुलगी उभी आहे, वाळूत तिचे प्रतिबिंब पडले आहे आणि अगदी पुढे पाऊस कोसळतो आहे. दृश्याची लांबी चार सेकंद. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर एकूण ९६ चित्रे. मुलगी प्रत्यक्षात अलिबागला गेलेलीच नाही, ती स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभी राहिली होती. पाऊसही वेगळा चित्रित केलेला आहे, काळ्या पार्श्वभूमीवर.

आता लेयरची पद्धत. ती समजायला आपल्या मराठी माणसाला दोन मिनिटेही लागू नयेत, कारण संगीत नाटकाचा रंगमंच आपण पाहिलेला किंवा निदान ऐकलेला आहे. सगळ्यांत मागे रंगवलेला पडदा, त्याच्या पुढे झाडांचे कापीव फलक, मग पात्रे आणि कडेला विंगा. जे पुढे असेल ते मागच्याला झाकते. लेयरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके हेच असते. तळाला आकाशाचा थर, त्यावर समुद्र आणि किल्ला, त्यावर प्रतिबिंब, त्यावर मुलगी, सर्वांत वर पाऊस. पाच ओळी एकाखाली एक मांडलेल्या दिसतात आणि प्रत्येक ओळीपुढे काळाची आडवी पट्टी असते: हा थर कितव्या सेकंदाला सुरू होतो, कितव्याला संपतो. मुलीचा थर उचलून पावसाच्या वर नेला, की ती पावसाच्या पुढे आली. नवशिक्याला पहिल्या तासाभरात काहीतरी उभे करून दाखवता येते, आणि या आनंदाला मी कमी लेखत नाही.

एक थर दुसऱ्यावर ठेवायचा म्हणजे संगणक नक्की काय करतो, तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन रंगांचे आकडे असतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवला जातो, त्याचे नाव अल्फा. हा बिंदू किती झाकतो, ते अल्फा सांगतो. एक म्हणजे पूर्ण झाकतो, शून्य म्हणजे आरपार दिसते. केसांच्या कडेशी तो अर्धामुर्धा असतो. ही अल्फाची कल्पना अमेरिकेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. १९८४मध्ये टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचे सगळे गणित एका निबंधात बांधून दिले. या चौघांना पुढे ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. गंमत अशी, की लेयर असो वा नोड, दोन्हींच्या पोटात आजही हेच गणित आहे. म्हणून अंतिम चित्राच्या दर्जात मुळातच अमुक जात श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ, असे म्हणता येत नाही.

त्यापूर्वी हे काम फिल्मवर होत असे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ आणि ‘काळियामर्दन’सारख्या मूकपटांत जे चमत्कार दाखवले, त्यांतले काही तीच फिल्म कॅमेऱ्यातून पुन्हा फिरवून साधलेले असत. पुढे ऑप्टिकल प्रिंटर नावाचे यंत्र आले. त्यात प्रत्येक नव्या जोडणीसाठी फिल्मची नवी प्रत काढावी लागे, आणि दर प्रतीला चित्र थोडे मळकट होई. एकदा जोडले की जोडले. दिग्दर्शकाने नंतर ‘किल्ला जरा डावीकडे घ्या’ म्हटले, तर पुन्हा पहिल्यापासून. संगणकाने हा जाच संपवला आणि दुसराच सुरू केला. बदल करता येतो म्हटल्यावर बदल सांगणाऱ्यांना धरबंध राहिला नाही! आज एकेका दृश्याच्या तीस-चाळीस आवृत्त्या होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण दोन्ही पद्धतींतला खरा फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. बदलांची यादी हातात पडते तेव्हा तो दिसतो.

तर आपल्या अलिबागच्या दृश्यावर पहिली यादी आली असे समजू. पहिला बदल: मुलीच्या केसांभोवती हिरवी झाक राहिली आहे, ती काढा. 

लेयरमध्ये मुलीच्या थरावर हिरवा रंग काढण्याची क्रिया आधीच लावलेली आहे, तिच्यात सुधारणा केली. झाले. पण प्रतिबिंबाचे काय? प्रतिबिंब म्हणजे मुलीच्याच थराची उलटी केलेली, थोडी अंधुक केलेली दुसरी प्रत. त्या प्रतीवरही हिरवा काढण्याची क्रिया वेगळी लावलेली आहे. तिथेही तीच सुधारणा पुन्हा करायला हवी. विसरलात, तर मुलगी स्वच्छ आणि वाळूतली मुलगी हिरवट. तुम्हांला वाटेल एवढे कोण बघणार. पण चाळीस फुटी पडद्यावर दिसते, आणि दिसले की चुकते.

यावर लेयरवाल्यांकडे उपाय आहे. मुलीचा थर त्याच्या सगळ्या क्रियांसह एका वेगळ्या डब्यात बंद करायचा आणि तो डबाच दोन ठिकाणी थर म्हणून वापरायचा. कामाच्या बोलीत याला ‘प्रीकॉम्प’ म्हणतात. मग डब्यात एकदा बदल केला की दोन्हीकडे होतो. उपाय चोख आहे. अडचण एवढीच, की डब्याच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. मोठ्या दृश्यात डब्यात डबा, त्यात आणखी डबा असे होत जाते आणि तिसऱ्या दिवशी स्वतः काम करणारालाच ‘तो निळा कुठे वाढवला होता’ हे सापडत नाही. लेयरवर वर्षानुवर्षे काम करणारी माणसे डब्यांना नावे देण्याबाबत फार काटेकोर असतात, ती उगाच नाही.

आता तेच दृश्य नोडच्या पद्धतीने. इथे रंगमंच विसरा आणि स्वयंपाकघरात या. नारळ खवला, गूळ घातला, परतले, सारण तयार झाले. अर्धे सारण उकडीच्या मोदकांत गेले, अर्धे करंज्यांत. सारण एकदाच केले, वाटा मात्र दोन. नोडमध्ये चित्र असे वाहते. मुलीचे मूळ चित्रण ही एक पेटी. तिच्यातून धागा निघतो तो हिरवा काढण्याच्या पेटीत जातो. तिथून दोन धागे फुटतात. एक थेट पुढे जातो. दुसरा ‘उलटे करा’, मग ‘अंधुक करा’ या पेट्यांतून जातो आणि तो झाला प्रतिबिंब. शेवटी हे दोन्ही धागे ‘एकावर दुसरे ठेवा’ या पेटीत समुद्र-किल्ल्याच्या धाग्याला येऊन मिळतात. आता हिरवी झाक काढायची म्हणजे सारणातच गूळ वाढवायचा. मोदक आणि करंजी दोन्ही आपोआप गोड. बंद डबा कुठेही नाही, सगळी कृती समोर कागदावर मांडल्यासारखी दिसते.

दुसरा बदल: वारा सुटला आहे असे दाखवा, म्हणजे पाऊस तिरका करा आणि त्याच्या रेषा आडव्या दिशेला किंचित फाकवा. हा बदल साधा दिसतो पण बोधप्रद आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रत्येक थराच्या आत क्रियांचा क्रम ठरलेला असतो: आधी मास्क, मग इफेक्ट, आणि सरकवणे-फिरवणे शेवटी. त्यामुळे तुम्ही आडवी फाक इफेक्ट म्हणून लावली आणि थर फिरवला, तर फाकसुद्धा थराबरोबर फिरते, आडवी राहत नाही. यातून वाट काढता येते. फिरवण्याचे काम करणारा एक वेगळा इफेक्ट आहे, किंवा पुन्हा डबा आहेच. पण क्रम सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे हे आधी माहीत असावे लागते. नोडमध्ये क्रम तुमचा. आधी फिरवा मग फाकवा, किंवा उलट. धागा ज्या क्रमाने जाईल, तशी क्रिया होईल. 

स्वातंत्र्याची किंमतही आहे बरं का. नोडचे सॉफ्टवेअर पुष्कळ गोष्टी तुमच्यावर सोडते. मघाशी अल्फा सांगितला. चित्राचे रंग काही वेळा अल्फाने आधीच गुणून ठेवलेले असतात. अशा चित्राचा रंग उजळायचा तर आधी तो गुणाकार काढायचा, रंग बदलायचा, मग पुन्हा गुणायचे. न्यूकमध्ये यासाठी पेट्या आहेत, त्या लावण्याचे भान तुम्ही ठेवायचे. नाही ठेवले, तर केसांभोवती एक बारीक नको असलेली कड उमटते, आणि नवा मुलगा दोन दिवस ती कड पुसत बसतो. लेयरच्या सॉफ्टवेअरमध्ये यातले बरेचसे पडद्याआड सांभाळले जाते. म्हणून काही अनुभवी शिक्षक म्हणतात, गणित समजायचे असेल तर नोड, आणि काम पटकन हातावेगळे करायचे असेल तर लेयर. मला यातला पहिला भाग पूर्ण पटतो, दुसरा अर्धाच.

कारण ‘पटकन’ हे कामावर अवलंबून आहे. मालिकेचे शीर्षक करायचे आहे, अक्षरे एकामागून एक उड्या मारत येणार, ढोलाच्या ठेक्यावर थांबणार. निवडणुकीच्या निकालाची पट्टी करायची आहे. लग्नाच्या चित्रफितीची सुरुवात करायची आहे. इथे सगळा खेळ काळाचा आहे, कोणती गोष्ट कधी येते आणि कधी जाते याचा. लेयरच्या सॉफ्टवेअरमध्ये काळाची पट्टी डोळ्यांसमोर असते, थर डावी-उजवीकडे सरकवला की वेळ बदलली. नोडमध्ये काळाची पट्टी असते, पण ती मुख्य नसते. मुख्य असतो तो जोडणीचा नकाशा. वीस अक्षरे वीस वेळांना आणायची, तर नोडवाला घामाघूम होतो आणि शेजारच्या टेबलावरचा लेयरवाला चहा पिऊन येतो. हे मी नोडच्या बाजूचा असूनही सांगतो.

याच्या उलट, दोनशे दृश्यांचा चित्रपट घ्या. एका दृश्यावर आधी कुणीतरी रोटो केलेले असते, म्हणजे नटाची बाह्यरेषा चौकटीगणिक कोरून काढलेली असते. दुसऱ्याने तारा, माइक वगैरे पुसलेले असतात. तिसऱ्याने संगणकावर घडवलेले जहाज पाठवलेले असते, आणि तेही एक चित्र म्हणून नाही. त्याचा प्रकाश वेगळा, चकाकी वेगळी, सावली वेगळी, खोली वेगळी. अशी अनेक चित्रे एकाच फाइलमध्ये ठेवता येतात असा ओपन ईएक्सआर नावाचा प्रकार इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने तयार केला आणि २००३मध्ये सर्वांना खुला केला. न्यूकमध्ये अशी फाइल एकाच धाग्यातून वाहते, आणि हवी ती पातळी हवी तिथे बाहेर काढता येते. हे दृश्य रात्री मुंबईत अर्धे करून सकाळी लंडनला किंवा व्हँकूवरला दुसऱ्या कुणी उघडायचे असते. त्याने तुमचा चेहरा पाहिलेला नसतो. त्याच्याकडे असतो फक्त तुमचा नकाशा.

माझ्या मते निवडीचे खरे मर्म इथे आहे. आपण केलेले काम उद्या कोण उघडणार आहे, आणि त्यात कोणत्या प्रकारचे बदल येणार आहेत, हा प्रश्न आधी विचारावा. उघडणारे आपणच असलो आणि बदल वेळेचे असले, तर थर पुरेत. उघडणारे दुसरे असले आणि बदल मुळाशी होणार असले, तर धागे हवेत. नोडचा नकाशा व्यवस्थित काढला, पेट्यांचे गट करून त्यांवर ‘मुलगी’, ‘प्रतिबिंब’, ‘पाऊस’ अशा चिठ्ठ्या लावल्या, तर परका माणूस दहा मिनिटांत तो वाचू शकतो. न्यूकची फाइल तर साध्या मजकुराची असते. पेट्या निवडून कॉपी केल्या आणि ई-मेलमध्ये डकवल्या, की पलीकडचा त्या उचलून आपल्या नकाशात लावतो. अर्थात चिठ्ठ्या लावल्या तरच. आळशी माणसाचा नोडचा नकाशा म्हणजे मांजराने खेळलेला लोकरीचा गुंडा असतो. तशा गुंड्यापेक्षा नीट नावे दिलेले दीडशे थर कधीही बरे.

या दोन्ही जाती जवळजवळ एकाच काळात, पण वेगळ्या घरांत जन्मल्या, आणि त्यावरून त्यांचे स्वभाव कळतात. आफ्टर इफेक्ट्स १९९३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका छोट्या कंपनीने विक्रीला आणले. ती कंपनी त्याच वर्षी आल्डसने घेतली आणि १९९४मध्ये आल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. टेबलावरच्या एका संगणकापाशी बसलेला एकटा चित्रकार, हा त्याचा गिऱ्हाईक. न्यूक मात्र विकण्यासाठी जन्मलेच नव्हते. जेम्स कॅमेरून ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या डिजिटल डोमेन स्टुडिओने ते १९९३च्या सुमारास स्वतःच्या कामासाठी लिहायला घेतले. ‘न्यू कंपोझिटर’चे झाले न्यूक. ‘ट्रू लाइज’, ‘टायटॅनिक’ अशा चित्रपटांच्या धबडग्यात ते घडले, आणि २००७मध्ये त्याचा विकास लंडनच्या फाउंड्री कंपनीकडे गेला. म्हणजे एकाच्या पाठीशी एकटा कलावंत, दुसऱ्याच्या पाठीशी कारखाना.

फ्यूजनची कहाणी आणखी वेगळी. त्याचे मूळ १९८७पासूनचे, सिडनीतल्या एका निर्मितीसंस्थेत. पुढे त्याची कंपनी कॅनडात गेली, आणि २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती विकत घेतली. २०१८मध्ये त्यांनी फ्यूजन आपल्या दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवून टाकले.

शेकचे नाव मात्र आजच्या विद्यार्थ्यांना माहीतही नसते. हेही नोडचे सॉफ्टवेअर. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे कंपोझिटिंग ज्यावर झाले ते. २००२मध्ये अ‍ॅपलने त्याची कंपनी घेतली, २००६मध्ये किंमत एकदम ४९९ डॉलरवर आणली, आणि २००९मध्ये ते बंद करून टाकले. तोवर जगभरच्या स्टुडिओंत माणसे शेकवर तरबेज झाली होती. ज्यांनी केवळ कोणते बटण कुठे आहे ते पाठ केले होते, त्यांची पंचाईत झाली. ज्यांना पेटीच्या आत काय गणित चालते ते ठाऊक होते, ते काही आठवड्यांत न्यूकवर जाऊन बसले. सॉफ्टवेअर कंपनीचे असते, ती ते कधीही मोडीत काढू शकते. वीस वर्षांची नोकरी त्याच्यावर टांगायची, तर खुंटी कशाची आहे ते पाहिलेले बरे.

आता फीबद्दल. शिकवणी वर्गाच्या जाहिरातीवर सुपरहिट चित्रपटांची छायाचित्रे असतात आणि आतला अभ्यासक्रम निव्वळ लेयरचा असतो, असे मी पाहिले आहे. त्यात फसवणूकच असते असे नाही. लेयरवर पोट भरणारे असंख्य आहेत. वाहिन्या, जाहिरातसंस्था, सांगली-नांदेडपासून पणजीपर्यंतची कार्यक्रमांचे चित्रीकरण करणारी छोटी कार्यालये, सगळीकडे आफ्टर इफेक्ट्स चालते, आणि त्यात तरबेज असलेली मुलगी गावात राहून, घरून काम करू शकते. नोडची नोकरी मात्र बहुतांशी मोठ्या शहरात आणि मोठ्या कारखान्यात. मुंबईत नमित मल्होत्रा यांनी १९९७मध्ये प्राइम फोकस सुरू केली, २०१४मध्ये तिने लंडनची डबल निगेटिव्ह ही नामांकित कंपनी आपल्यात घेतली. अशा ठिकाणी कंपोझिटर म्हणून जायचे तर न्यूक यावेच लागते. म्हणून वर्गात विचारायचा प्रश्न ‘किती सॉफ्टवेअर शिकवता’ हा नाही. ‘इथून गेलेली मागच्या वर्षीची मुले आज कोणत्या प्रकारचे काम करतात’ हा आहे. उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे खिशातच ठेवा.

मोठ्या कारखान्याचीही शाश्वती नाही, हे सांगायलाच हवे. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा शतकभराचे नाव असलेला समूह कोसळला आणि बंगळूरपर्यंत त्याचा फटका बसला. शिवाय रोटोसारखी कष्टाची कामे, ज्यांवर आपल्याकडची बरीच मुले या धंद्यात पहिले पाऊल टाकतात, ती हळूहळू यंत्र शिकते आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१०पासून त्यासाठी एक ब्रश आहे, आणि न्यूकमध्ये २०२१पासून अशी पेटी आहे, जिला पाचदहा चौकटी करून दाखवल्या की बाकीच्या ती स्वतः करू बघते. रेषा कोरणाऱ्याची गरज कमी होईल. संध्याकाळच्या उजेडात भिजलेल्या मुलीच्या खांद्यावर किती निळसर प्रकाश हवा, हे ठरवणारा डोळा अजून विकत मिळत नाही. आणि तो डोळा कोणत्याच जातीच्या सॉफ्टवेअरबरोबर येत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर पावसात जाऊन उभे राहावे लागते.

पुष्कळजण विचारतात, दोन्ही एकत्र वापरता येतात का? येतात, आणि वापरतातही. चित्रपटातल्या संगणकाच्या पडद्यावर चमकणारे आकडे आणि नकाशे एकजण आफ्टर इफेक्ट्समध्ये हलते करतो, ती चित्रमालिका म्हणून बाहेर काढतो, आणि दुसरा ती न्यूकमध्ये एका धाग्यातून आत घेतो. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्येही २००६पासून नोडचे कंपोझिटिंग आहे. तेव्हा घरात भांडण नको.

सुरुवात कशी करावी, एवढे सांगून थांबतो. आधी कागद-पेन्सिल घ्या. एखादे दृश्य निवडा आणि त्यात कोणत्या चित्रावर कोणती क्रिया, कोणत्या क्रमाने होईल, हे बाण काढून मांडा. हा नकाशा काढायला आवडला, तर नोड तुम्हांला मानवेल. त्याऐवजी ‘हे तिसऱ्या सेकंदाला येईल, ते चौथ्याला’ असे तुमचे मन सारखे काळाकडेच धावत असेल, तर तुमचा कल लेयरकडे आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मग कर्ज काढण्याआधी दोन-तीन महिने घरीच हात चालवून पाहा. आफ्टर इफेक्ट्सची नवी आवृत्ती २०१३पासून वर्गणीवरच मिळते, तिचा हिशेब आधी मांडा. न्यूकची शिकण्यासाठीची विनामूल्य आवृत्ती २०१५पासून मिळते. तिच्यातून १९२० बाय १०८०पेक्षा मोठे चित्र बाहेर काढता येत नाही, आणि तिची फाइल विकतच्या न्यूकमध्ये उघडत नाही. त्यामुळे तिच्यावर सराव करावा, गिऱ्हाइकाचे काम घेऊ नये. पैसे घेऊन काम करायचे असेल, तर दा विंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीतले फ्यूजन त्यासाठी चालते. मात्र उघडण्याआधी संगणकात मेमरी पुरेशी आहे ना, ते दुकानदाराला विचारून घ्या, कारण फ्यूजनची भूक मोठी आहे.